मेन बाजार खरंच जिवंत झालाय की नुसता रंगवलाय, ते स्वतः फिरून कसं तपासायचं

आजकाल कुठल्याही मोठ्या शहराबद्दल ऐकायला मिळतं की जुना भाग परत गजबजला, रात्रीची लायटिंग बघा, नवीन कॅफे बघा, भिंतींवर चित्रं बघा. मुंबईच्या फोर्टबद्दल बोलतात, लोअर परळबद्दल तर कधीपासून बोलतात, आणि इकडे कोकणात पण सुशोभीकरणाचं काम निघालं की लगेच कायापालट झाला म्हणून फोटो फिरायला लागतात. खरं असेल तर मला आनंदच आहे, मी बाजारातच वाढलेला माणूस. पण फोटोवरून ते कळत नाही. ज्यांना तिथे गाळा घ्यायचाय, आईवडिलांसाठी फ्लॅट बघायचाय किंवा मुंबई सोडून रत्नागिरी-चिपळूणकडे येऊन काहीतरी सुरू करायचंय त्यांनी स्वतः फिरून बघायला पाहिजे, म्हणून मी कसं बघतो ते लिहितो. पद्धत फोर्टला पण चालते आणि रत्नागिरीच्या बाजारातल्या राम आळीला पण, फक्त वेळा वेगळ्या.

आधी एक सांगतो, माझ्या लेखी गर्दी आणि जीव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गर्दी बाहेरून आणता येते. जीव म्हणजे तिथे राहणाऱ्याचं रोजचं सगळं तिथेच भागणं, सकाळच्या दुधापासून रात्रीच्या औषधापर्यंत. पुढे जे जे बघायला सांगतोय ते सगळं यासाठीच.

तर पहिलं काम म्हणजे दिवस नीट निवडायचा. कोकणात गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात बाजार बघायला जाऊच नका, तेव्हा चाकरमानी आलेले असतात, पर्यटक असतात, पाय ठेवायला जागा नसते, आणि त्यावरून कुणी गाळ्याचं डिपॉझिट भरलं तर पुढचे आठ-नऊ महिने रडायची वेळ येते. आठवडा बाजाराचा वार पण सोडा. जुलैमधला एखादा साधा दिवस घ्या, पाऊस बदाबदा कोसळतोय, आंबा संपलाय, शाळा सुरू आहेत, अशा दिवशी जे गिऱ्हाईक छत्री मिटून दुकानात शिरतं ते खरं गिऱ्हाईक. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे पावसात जो बाजार चालत नाही तो वर्षातले चार महिने चालत नाही. आणि हो, दुपारी एक ते चार शटर खाली दिसली म्हणून घाबरू नका, आपल्याकडे जेवून आडवं व्हायची पद्धत आहे, त्याचा मंदीशी संबंध नाही. बाजाराची साप्ताहिक सुट्टी कुठल्या वारी असते ते मात्र आधी विचारून घ्या नाहीतर सगळंच बंद बघून चुकीचं मत कराल.

मुंबईत याच्या उलट. फोर्टमध्ये सोमवारी सकाळी अकराला कोणीही गेलं तरी त्याला वाटेल काय हे शहर जिवंत आहे, पण ती सगळी माणसं सीएसएमटी आणि चर्चगेटला उतरलेली असतात आणि संध्याकाळी परत लोकलला लटकून निघून जातात. तिथे रविवारी जा, किंवा रात्री साडेनऊला जा. रविवारी फोर्टच्या आतल्या गल्ल्यांत पोरं क्रिकेट खेळतात इतका रस्ता मोकळा असतो, छान वाटतं बघायला, पण त्याचा अर्थ त्या गल्लीत रविवारी कुणाला काही काम नसतं. काळा घोडा फेस्टिव्हलच्या दिवसांत जाऊन मत बनवू नका, तो १९९९ पासून भरतोय आणि छान भरतो, पण तो वर्षातून नऊ दिवस. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली, त्याने यायला-जायला खूप सोपं झालं, पण आलेला माणूस ऑफिस सुटल्यावर तासभर थांबतो की लगेच खाली उतरून मेट्रो पकडतो हे तुम्हालाच उभं राहून बघायला लागेल.

आता मान वर करा. हे कोणी करत नाही आणि सगळ्यात जास्त इथेच कळतं. जुन्या बाजारात खाली दुकान आणि वर माडीवर घर अशीच रचना असायची, मालक वर राहायचा, रात्री दोन वाजता पण वर कुणीतरी असायचं. रात्री आठ-साडेआठला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला आणि वरच्या मजल्यावर दिवे कुठे लागलेत ते बघत जा. वाळत घातलेले कपडे, डब्यात लावलेली तुळस, कुकरची शिट्टी, टीव्हीवरच्या मालिकेचा आवाज. हे ऐकू आलं तर त्या आळीत माणसं राहतायत. वर सगळा काळोख आणि खाली झगमगाट असेल तर वर बहुतेक गोडाऊन झालंय किंवा कुलूप आहे. सकाळी साडेसहाला परत त्याच रस्त्याने जा आणि दाराला अडकवलेल्या दुधाच्या पिशव्या बघा. पूर्वी पेपर मोजले तरी चालायचं पण आता सगळे मोबाईलवर वाचतात, दूध मात्र अजून दारातच येतं.

इमारत चकाचक झाली म्हणजे भाग उठला असं नसतं, याचं मला कायम आठवणारं उदाहरण म्हणजे मुंबईतलं ऑपेरा हाऊस. ते थिएटर १९९३ पासून बंद होतं, मग फार मेहनतीने दुरुस्त केलं आणि ऑक्टोबर २०१६ ला परत उघडलं, आतून खरोखर सुंदर आहे. पण त्याच्या आजूबाजूचा हिऱ्यांचा धंदा, ज्याच्या जीवावर तिथली खानावळ, चहावाला, हिरे-रोकड पोचवणारा अंगडिया, टॅक्सी सगळे जगायचे, तो २०१० मध्ये वांद्र्याच्या बीकेसीला भारत डायमंड बोर्स हा हिऱ्यांचा बाजार सुरू झाल्यावर बराचसा तिकडे गेला. म्हणजे वास्तू वाचली, वाचलीच पाहिजे, पण पोट भरणारी गोष्ट दुसरीकडे गेली. म्हणून कुठेही गेलात की एवढं विचारा, इथलं पोट कशावर भरतं आणि ते अजून इथेच आहे का.

शटर मोजायला लागतात, त्याला पर्याय नाही. एका बाजूने चालत जा, चालू, बंद आणि कायमचं बंद अशा तीन रेघा मारत जा. कायमचं बंद ओळखायला सोपं, कुलुपाला गंज, शटरवर पोस्टरवर पोस्टर, उंबऱ्याला शेवाळ किंवा गवत. मग बाजूच्या दुकानदाराला विचारा का बंद आहे, कारण इथे दोन प्रकार असतात. एक म्हणजे गिऱ्हाईकच नाही म्हणून बंद. दुसरा म्हणजे भावाभावांत वाद आहे, जुन्या पागडीचा, म्हणजे नाममात्र भाड्याचा भाडेकरू आहे, नाहीतर मालक बिल्डरची वाट बघत बसलाय. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं पण दुसऱ्या प्रकारच्या बाजारात अजून जीव असतो, कागद सुटले की दुकान उघडतं.

आणि विकतायत काय ते बघा. पिठाची गिरणी, चप्पल शिवणारा, शिंपी, घड्याळवाला, छत्री दुरुस्त करणारा, फुलवाली, स्टेशनरी, भांडी, खत-बियाणं, यातलं निम्मं तरी चालत जाण्याच्या अंतरात पाहिजे. ओळीने नुसते काजू, कोकम सरबत आणि आंबापोळीचे बोर्ड आणि मधेमधे मोबाईल कव्हर असेल तर तो बाजार आलेल्या-गेलेल्यासाठी आहे, तिथल्या लोकांसाठी नाही. काजू-कोकमाबद्दल माझी काही तक्रार नाही, त्यावर कित्येक घरं चालतात, पण नुसत्या त्याच्यावर बाजार बारा महिने उभा राहत नाही. दुकानदाराशी गप्पा मारताना सहज विचारा, तुमची स्वतःची भाजी-मासळी कुठून आणता. तो म्हणाला इथूनच, तर बरं आहे. तो स्वतःच गाडी काढून लांबच्या सुपरमार्केटला जात असेल तर काय समजायचं ते समजा.

बायका किती आहेत ते बघा, आणि कशासाठी आहेत ते पण. संध्याकाळी सातनंतर एकटी बाई घाई न करता चालतेय का, म्हातारी माणसं कट्ट्यावर बसलीयत का, क्लासवरून पोरं चालत घरी जातायत का. मला सगळ्यात मोठी परीक्षा वाटते ती बायकांच्या मुतारीची. मासे विकणारी, भाजी विकणारी बाई पहाटेपासून संध्याकाळपर्यंत तिथे बसते, तिच्यासाठी पाणी असलेली, कडी लागणारी, रात्री दिवा असलेली जागा आहे का ते आत जाऊन बघा किंवा घरातल्या बाईमाणसाला बघायला सांगा. लाखो रुपयांचा सेल्फी पॉइंट आहे आणि ही एक गोष्ट नाही, तर पैसा कुणासाठी खर्च झाला ते तिथेच कळतं. विक्रेत्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, त्यात त्यांचं सर्वेक्षण करून त्यांना प्रमाणपत्र आणि जागा द्यायची तरतूद आहे, तेव्हा रस्ता सुंदर करताना टोपलीवाल्या बायका कुठे गेल्या हे विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

कोकणात आणखी एक गोष्ट आहे जी मुंबईकर विसरतात, ती म्हणजे एसटी. आपला बाजार नुसत्या शहराचा नसतो, आजूबाजूच्या गावांचा असतो. रत्नागिरीत एसटी स्टँडवर जाऊन गावांना जाणाऱ्या शेवटच्या गाड्यांच्या वेळा लिहून घ्या. शेवटची गाडी लवकर सुटत असेल तर कितीही दिवे लावा, बाजार त्याच्या आधी अर्धा तास रिकामा होणार. त्यात कोकण रेल्वेचं स्टेशन गावाबाहेर, हायवे बाहेरून, त्यामुळे नवीन शोरूम, हॉटेलं त्या बाजूला सरकतात आणि जुन्या पेठेला रोजचं गिऱ्हाईक टिकवायला जास्त झगडावं लागतं.

आता जे लिहितोय ते आमच्यासारख्या बऱ्याच घरांत दुखणारं आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली, अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि त्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गातले केवढे तरी. गिरण्या गेल्या, आणि आज लोअर परळला जा, टॉवर, मॉल, ऑफिसं, रात्री बारापर्यंत वर्दळ. वरवर बघितलं तर यापेक्षा यशस्वी कायापालट नाही. पण ज्या चाळीतून मनीऑर्डर गावाला यायची, जिथे भजनी मंडळं होती, खानावळी होत्या, तिथली माणसं कुठे गेली ते विचारा. कोणी डोंबिवलीला गेलं, कोणी विरारला, कोणी गावाला परत आलं. म्हणून कुठलाही भाग बघताना हे विचारल्याशिवाय मी राहत नाही की वीस वर्षांपूर्वी इथे राहणारं कुटुंब आज इथे राहू शकतं का, त्यांना भाडं परवडतं का. परवडत नसेल तर त्या जागेचं भलं झालं असेल, तिथल्या माणसांचं झालेलं नाही, आणि मला माणसांशी मतलब आहे.

चिपळूणला जाल तर भिंतींवरची पुराची खूण आधी शोधा. २६ जुलै २००५ ला आणि परत २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, २०२१ ला तर रातोरात दुकानंच्या दुकानं बुडाली. अशा ठिकाणी नवा रंग काहीच सांगत नाही. दुकानात शिरून बघा, माल खालच्या फळीवर आहे की वर चढवलाय, वरच्या मजल्यावर साठवायची सोय केलीय का, विजेचा मीटर उंच बसवलाय का, विमा काढलाय का. ज्या दुकानदाराने मीटर वर घेतला त्याने इथेच राहायचं ठरवलंय, आणि असे किती आहेत त्यावर चिपळूणचा अंदाज येतो.

माणसांशी बोलताना पुढारी आणि एजंट शेवटी ठेवा. आधी चहावाला, रात्रीचा वॉचमन, झाडू मारणाऱ्या ताई, मेडिकलवाला. मेडिकलवाल्याला नक्की विचारा की नेहमीच्या गोळ्या नेणारी घरं वाढली की कमी झाली. बाजारातल्या मराठी शाळेत पहिलीचा पट किती आहे ते पण विचारा, मास्तर लगेच सांगतात.

हे सगळं एका वहीत तारीख, वार, वेळ आणि पाऊस होता की नाही यासकट लिहा, आठवणीवर ठेवू नका. सुशोभीकरण नवीन असेल तर दोन पावसाळे जाऊ द्या आणि मग वर्षातल्या त्याच आठवड्यात, त्याच वेळेला, त्याच रस्त्याने परत फिरा. किती दिवे चालू आहेत, किती बाकं बसण्यासारखी राहिलीत, रेघा मारलेल्या बंद शटरमधली किती उघडली आणि माडीवरचे दिवे वाढले का, हे जुन्या पानाशेजारी लिहा. गाळा घ्यायचा असेल तर डिपॉझिटचं बोलणं त्यानंतरच सुरू करा. नुसते गावकरी म्हणून बघत असाल तर ती दोन पानं झेरॉक्स करून नगरपरिषदेत अर्जासोबत जोडून द्या आणि पोच घ्या.