शहादा ते तोरणमाळ: सायकलने यशवंत तलाव गाठताना

शहादा, लोणखेडा, म्हसावद, राणीपूर आणि पुढे सातपुड्याचा घाट. एका बाजूचं अंतर साधारण ५५ किमी. तोरणमाळ हे नंदुरबार जिल्ह्यातलं थंड हवेचं ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटरवर, म्हणजे शहाद्यापासून चढाई हजार मीटरच्या आसपास, आणि तिचा मोठा भाग राणीपूरनंतर येतो. त्याआधी केळी-पपई-उसाच्या शेतांतून जवळपास सपाट रस्ता आहे. सकाळच्या गारव्यात सायकल तिशीच्या वेगाने पळते आणि बरेच जण घाट तिथेच हरतात. सोबत्याशी बोलताना धाप लागणार नाही, इतकाच जोर लावा.

ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. पावसाळ्यात डोंगर देखणा दिसतो, पण दरडी, धुकं आणि शेवाळलेली वळणं रोड बाइकला झेपत नाहीत. उन्हाळ्यातल्या खान्देशाबद्दल वेगळं सांगायला नको. महाशिवरात्रीला तोरणमाळची यात्रा असते, ते दिवसही टाळा.

खरा प्रश्न गिअरचा. पुढे ३४ दात्यांची आणि मागे सर्वांत मोठी २८ ची चकती असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.५५ मीटर जाते. उभ्या चढावर वेग ताशी ८ किमीवर आला की मिनिटाला जेमतेम ५२ फेरे पडतात. गुडघे भरतात ते यामुळे. मागे ३२ ची असेल तर त्याच वेगाला ६० फेरे मिळतात. ३४ ची मिळाली तर आणखी बरं. मात्र कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बदलताना मागचा डिरेल्युअर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) तेवढी मोठी चकती घेतो का ते पाहा आणि चेनची लांबी पुन्हा मोजा. आखूड चेन मोठ्या चकतीवर ताणली जाऊन डिरेल्युअर मोडू शकते.

टायर २८ मिमीचे, हवा ७५-८० पीएसआय (तुमचं वजन ७० किलोच्या आसपास असेल तर). दोन ट्यूब, पॅच, पंप जवळ हवेच. बाभळीचा काटा टायरमध्येच अडकून राहतो. नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून फडक्याने चाचपा, नाहीतर तीही जाते.

आदल्या रात्री भरीत-पुरीचा बेत नको, तो परतल्यावर करा. पहाटे दिवा लावून निघा. दर ४० मिनिटांनी केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू. लिटरभर पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ, लिंबू. राणीपूरला दोन्ही बाटल्या काठोकाठ भरून घ्या.

सात पायरीच्या घाटात वळणाची आतली बाजू सर्वांत उभी असते. रस्ता मोकळा दिसत असेल तरच डावीकडच्या वळणावर थोडं बाहेरून जा; उजव्या वळणावर मात्र आपली डावी बाजू सोडू नका, वरून भरलेल्या जीपा येतात. वळणाआधीच गिअर हलका करा. जोर लावत असताना बदलला तर चेन उतरते.

तोरणमाळच्या यशवंत तलावाकाठी कितीही रेंगाळावंसं वाटलं तरी दुपारी दोनपर्यंत उतरायला लागा. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका: रिम ब्रेक (चाकाची कडा दाबून थांबवणारे) असतील तर रिम तापते, पॅच सुटतो, ट्यूब फुटते. वळणाआधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक जोराने दाबून वेग कमी करा, मग सोडा. पॅड झिजलेले असतील तर ते शहाद्यातच बदलून निघा.