अर्धकच्चं खत मातीत नको: कंपोस्ट करताना या चुका टाळा

‘घरचं खत घातलं आणि रोपं पिवळी पडली.’ गच्चीवर चार कुंड्या सांभाळणाऱ्यापासून दहा एकर ऊस असणाऱ्यापर्यंत सगळ्यांची ही तक्रार ऐकू येते. मग लोक युरिया टाकतात आणि सेंद्रिय खतावरून मन उडतं. बहुतेक वेळा दोष खताचा नसतोच. जे मातीत घातलं ते अजून खत झालेलंच नसतं. कंपोस्टमधल्या निम्म्याअधिक चुका फिरून फिरून याच एका जागी येतात.

आधी पिवळेपणाचं कारण पाहू. काडीकचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना कर्बाबरोबर (कार्बन) नत्रही (नायट्रोजन) लागतं. भाजीच्या देठासालींत कर्ब-नत्राचं गुणोत्तर, म्हणजे कर्ब नत्राच्या किती पट ते, १५ ते २० च्या आसपास असतं, वाळक्या पानांत ते ५० च्या वर जातं आणि लाकडाच्या भुशात कित्येक शेकड्यांत. असा कर्बाने भरलेला, अर्धवट कुजलेला माल मुळांजवळ गेला की जिवाणू आपली नत्राची गरज मातीतूनच भागवतात. पिकाच्या वाट्याचं नत्र काही आठवडे त्यांच्या शरीरात अडकून राहतं. माल ओला आणि आंबलेला असेल तर त्रास वेगळा होतो. त्यातली आम्लं आणि अमोनिया कोवळ्या मुळांना पोळतात, आणि कुजण्याच्या कामात मातीतला प्राणवायूही खर्ची पडतो.

खत तयार झालं, हे नुसतं रंगावरून ठरवू नका

काळा रंग फसवतो. ओला कचरा हवेवाचून सडला तरी काळाच होतो. तयार खताला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो, मूळ कचरा ओळखू येत नाही आणि ढीग परतला तरी तो पुन्हा तापत नाही. ओलसर खत पिशवीत घट्ट बांधून दोन-तीन दिवस ठेवा. उघडल्यावर नाकाला झोंबणारा किंवा कुबट वास आला तर ते कच्चं आहे.

यापेक्षा खात्रीची परीक्षा स्वयंपाकघरातल्या डब्यातच असते. खताची पक्वता तपासायला जगभरच्या प्रयोगशाळा जे बी वापरतात, ते म्हणजे आपला लाडवाचा अळीव. एक वाटी खत चार-पाच वाट्या पाण्यात ढवळून तासभर ठेवा आणि फडक्यातून गाळा. दोन ताटल्यांत कागदाच्या घड्या ठेवून एक घडी या पाण्याने आणि दुसरी साध्या पाण्याने भिजवा. दोन्हींवर पंचवीस-पंचवीस दाणे सुटे सुटे पेरा. अळीव भिजला की बुळबुळीत होऊन चिकटतो, म्हणून पेरल्यावर दाणे हलवू नका. ताटल्या झाकून सावलीत ठेवा. दोन-तीन दिवसांत मुळं दिसतात. खताच्या पाण्यातली मुळं आखूड राहिली, त्यांची टोकं तपकिरी पडली किंवा दाणे कमी उगवले, तर खताला आणखी महिनाभर द्या. विकतच्या पोत्यातल्या खतालाही ही परीक्षा लावाच.

पाणी जास्त, पाला कमी

घरच्या डब्यातून वास येणं, काळं पाणी गळणं, चिलटं होणं या तिन्ही तक्रारींवर एकच उपाय आहे: सुका पाला. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर तेवढ्याच घमेल्याने चुरलेली वाळकी पानं पडली पाहिजेत. ओल किती असावी, हे मूठ सांगते. माल घट्ट आवळल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर पाला घाला, मूठ उघडताच भुगा झाला तर पाणी शिंपडा. डब्यात जाड, राखाडी, वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या की लोक घाबरून कीटकनाशक मारतात. तसं करू नका. त्या बहुतेक वेळा काळ्या सैनिक माशीच्या असतात, रोपांना त्यांचा उपद्रव नसतो. त्यांची गर्दी झाली म्हणजे माल फार ओला आहे एवढंच समजायचं.

यंत्रातून निघाला म्हणजे खत झालं, असं नाही

पुण्या-मुंबईच्या मोठ्या सोसायट्यांत कचरा दळून, तापवून चोवीस तासांत ‘खत’ देणारी यंत्रं बसली आहेत. बाहेर येतो तो कोरडा, तपकिरी, भाजल्यासारख्या वासाचा चुरा. तो वाळलेला कचरा असतो, कुजलेला नव्हे. मूठभर चुरा ओला करून दोन दिवस झाकून ठेवा. त्यावर बुरशी चढते, वास सुटतो. हाच प्रकार बागेच्या मातीत होतो आणि माळीबुवा उगाच बोलणी खातात. हा चुरा पाल्यात मिसळून, पाणी देऊन, अधूनमधून परतत निदान दीड-दोन महिने मुरवला, तर उत्तम खत होतं. यंत्र घेताना या मुरवण्याच्या जागेचा विचार कुणी करत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

नाडेप टाकीत हात आखडता घेणं

पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांनी, म्हणजे नाडेपकाकांनी, टाकीत कंपोस्ट करायची ही पद्धत शेण थोडं आणि काडीकचरा भरपूर असलेल्या शेतकऱ्यासाठी बसवली. टाकी १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच, विटांच्या भिंतीत हवेसाठी भोकं. तिला सुमारे १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण आणि चाळलेली कोरडी माती तब्बल १,७५० किलो लागते. चूक होते ती इथे. माती म्हणजे वजन वाढवणारा भरणा समजून लोक दोन-चार घमेल्यांवर भागवतात. मातीच ओल धरून ठेवते आणि सुटणारं नत्र पकडते. ती कमी पडली की वरचा थर वाळून कोळ होतो आणि चार महिन्यांनी काड्या जशाच्या तशा निघतात.

दुसरी चूक म्हणजे रोज थोडं थोडं भरणं. सगळा माल आधी शेजारी गोळा करा आणि एक-दोन दिवसांत टाकी पूर्ण भरून शेणमातीने लिंपा. पंधरा-वीस दिवसांनी माल खाली बसतो, तेव्हा पुन्हा भरून लिंपायचं. नंतर भेगा बुजवायच्या आणि पाणी शिंपडत राहायचं. टाकीला परतणं लागत नाही, हे खरं. पण उघड्या ढिगाला लागतं. इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या शेतीसंशोधकांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पद्धतीत तीन महिन्यांत ढीग तीनदा परतायचा होता. आपल्याकडे उकिरडा वर्षभर जागचा हलत नाही, आणि तरी त्याला आपण शेणखत म्हणतो.

अशा न हललेल्या उकिरड्यातून मुळं कुरतडणाऱ्या हुमणीच्या अळ्या थेट शेतात जातात. कोकणातल्या नारळबागायतदारांनी तर जास्तच जपावं, कारण गेंड्या भुंगा अंडी घालतो ती याच शेणखड्ड्यांत. पसरण्याआधी खड्डा उकरून अळ्या वेचा. ढीग नीट तापला, ५५ अंशांच्या वर काही दिवस राहिला आणि परतताना कडेचा मालही आत गेला, तर तणांचं बरंचसं बी मरतं. तरीही गाजर गवत फुलोऱ्यावर येण्याआधीच उपटून ढिगात घाला. बी धरल्यावर नको.

माती न पाहता राख घालणं

चुलीची राख कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीला मानवते. घाटावरच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीचा सामू (पीएच) आधीच बहुधा साडेसातच्या वर असतो. तिथे घमेलीच्या घमेली राख ओतली की लोह आणि जस्त पिकाला मिळेनासं होतं, आणि उसावर केवडा, म्हणजे पानांचा पिवळेपणा, दिसू लागतो. शेणाच्या ढिगावर चुना किंवा राख पसरणंही टाळा. त्यातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं.

पाचट पेटवणं, किंवा नुसतं टाकून देणं

ऊस तोडल्यावर रानात उरणारा वाळका पाला म्हणजे पाचट. असं हेक्टरी आठ-दहा टन पाचट जाळणं म्हणजे सेंद्रिय कर्ब डोळ्यांदेखत उधळणं. ते सरीतच राहू द्या. पृष्ठभागावरचं कच्चं पाचट मुळांत गाडलेलं नसल्याने तेवढं नत्र ओढत नाही. पण ते लवकर कुजावं म्हणून हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकण्याची शिफारस आहे. यातला युरिया लोक वगळतात, किंवा संवर्धन कोरड्या पाचटावर भर उन्हात उधळतात. पाचट आधी दाबून मातीला टेकवा, लगेच पाणी द्या. तोडणीनंतर उरलेले उसाचे बुडखे जमिनीलगत छाटायला विसरू नका, नाहीतर खोडव्याचे, म्हणजे त्याच बुडख्यांतून पुन्हा येणाऱ्या उसाचे, फुटवे वरून, अशक्त येतात.

तयार शेणखताचं नुकसान होतं ते शेवटच्या टप्प्यात. एप्रिलमध्ये गाडीतून उतरवलेले ढीग रानात मृगापर्यंत तसेच तापत पडतात, नत्र उडतं, उरलेलं पहिल्या वळवाच्या सरीत वाहून जातं. खत सावलीत, झाकून ठेवा. पाळी घालायच्या दिवशीच पसरा आणि ऊन चढण्याआधी कुळवाने मातीत मिसळा.