ओटीपोटात कळ आली, तर आधी काय बघायचं
मुलींच्या हॉस्टेलवर मी नर्स आहे. रात्री दार वाजलं की बहुतेक वेळा वाक्य एकच असतं, "सिस्टर, पाळीचंच दुखतंय."

मी आधी तारीख विचारते, शेवटची पाळी कधी आली होती? पाळी चुकलीय, एका बाजूला दुखतंय, चक्कर येतेय, खांद्याच्या टोकाशीही कळ जातेय, तर गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनळीत राहिलेला असू शकतो. नळी फुटली की रक्तस्राव आत होतो, बाहेर थेंबभरच दिसतो. लग्न झालंय का, हा प्रश्न इथे कामाचा नाही. लघवीची गर्भचाचणी कामाची.

मग म्हणते, बोट ठेवून दाखव. बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांनी उजवीकडे खाली सरकलं, जेवण नको झालं, तर अपेंडिक्सचा संशय. परवा एक मुलगी कमरेत वाकूनच आली, खोकली की कळवळायची. अपेंडिक्सच निघालं.

झटक्यात एका बाजूला असह्य कळ आणि उलट्या? अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. यात सकाळची वाट बघायची नाही, नाहीतर अंडाशय गमवावं लागू शकतं. ताप आणि घाण वासाचं पांढरं जाणं हे जंतुसंसर्गाकडे बोट दाखवतं. लघवीला जळजळ असेल तर बहुधा मूत्रमार्ग.

दरमहा कॉलेज बुडतं इतकं दुखत असेल, तर 'बाईच्या जातीला सोसावंच लागतं' हे ऐकू नका. एंडोमेट्रिओसिससाठी, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतंय का यासाठी, तपासून घ्या.

दवाखान्यात निघताना काही खाऊ नका, ऑपरेशन लागू शकतं. घेतलेल्या गोळीचं पाकीट सोबत ठेवा. घेरी येत असेल तर रिक्षा शोधत बसू नका, 108 लावा.