गावची जुनी नळजल योजना बदलताय? पैसे मागताना या चुका टाळा

सांवेर, देपालपूरकडून इंदूरला अर्ज घेऊन येणाऱ्या सरपंचांची मागणी बहुधा एकच: नवी टंकी. टंकी लांबून दिसते, निवडणुकीत कामी येते. रोग मात्र जमिनीखाली असतो. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि जुने पाइप सांध्यांतून निखळतात. तेव्हा आधी गळती मोजा. रात्री घरोघरचे नळ बंद असताना टंकीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवा. सकाळपर्यंत जेवढी पातळी उतरली तेवढं पाणी पाइपांतून गेलं. हा आकडा अर्जात घाला. बोअरची चाचणी मात्र मे महिन्यात घ्या. सप्टेंबरात प्रत्येक बोअर गुणीच असते.

बाहेर हात पसरण्याआधी सचिवांना पंचायतीची शिल्लक विचारा. १५व्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी पंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला, त्यातला निम्मा पाण्याचा. घरोघरी नळाने पाणी देण्याच्या केंद्राच्या जल जीवन मिशनमध्ये जुन्या योजनेची सुधारणाही बसते, म्हणून प्रस्तावात ‘नवी योजना’ लिहू नका. गावात योजना आहेच, असा शेरा ओढवून घ्याल. हिशेब माणशी रोज ५५ लिटरचा, म्हणजे हजार वस्तीला ५५,००० लिटर. इंदूरसारखं नर्मदेचं पाणी हवं, हा हट्ट एकट्या गावाने धरू नये. अनेक गावांच्या समूह योजना मध्य प्रदेश सरकारचं जल निगम पाहतं.

सगळ्यात महाग चूक लोकवर्गणीची. गावातल्या कामाच्या खर्चाचे १० टक्के गावाने द्यायचे असतात; अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून जास्त असेल तर ५. रोख नसेल तर श्रमदान चालतं. ही रक्कम ठेकेदाराने कागदावर भरली की फाइल झटकन पुढे सरकते खरी, पण ज्यांनी दमडी दिली नाही ते पुढे जलकरही देत नाहीत.

आणि खरा खर्च तर नळ सुरू झाल्यावर लागतो. खासदार निधीतून बांधकाम होतं, महिन्याचं वीजबिल नाही. समजा २०० घरं, घरटी १०० रुपये: महिना २०,००० जमतात. वीज, नळ चालवणारा माणूस, क्लोरीन यात भागत नसेल तर दर ग्रामसभेतच वाढवा, ठरावात आकड्यासकट लिहा आणि प्रस्तावाला जोडा. पंपाचं आयुष्य साधारण १५ वर्षं धरतात, पाइपांचं ३०. म्हणजे पाइप चांगले असतानाच नव्या पंपाचे पैसे लागतील. ते पाणी समितीच्या खात्यात पहिल्या महिन्यापासून वेगळे टाका.