पेरण्याआधी परसाचा पाऊस ओळखा

गोव्यात थंडीने भाजी मरत नाही. ती पावसात कुजते, नाहीतर मार्चनंतर पाण्यावाचून सुकते. म्हणून बियाणं आणण्याआधी शेजारच्या शेतकऱ्याला विचारून घ्या, सरद कधी पेरता आणि वायंगण कधी लावता? पावसावरचं भात ते सरद, पाऊस सरल्यावर पाण्याच्या सोयीवर घेतात ते वायंगण. परसातल्या भाजीचे हंगामही ह्याच दोन पिकांवरून बेतावेत. पाकिटावरचं 'हिवाळी', 'उन्हाळी' इथे फारसं कामाला येत नाही.

एप्रिलमध्ये एक वही घाला आणि माती तपासायला द्या. आपली जांभ्याची तांबडी माती बहुधा आम्ल असते. खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली खारी जमीन, जवळ असेल तर खारेपणाही तपासून घ्यावा. परसातल्या चार-सहा जागची १५ सेंटीमीटर खोलीपर्यंतची माती एकत्र करून सावलीत वाळवा आणि त्यातली अर्धा किलो पिशवीत भरा. कुठे द्यायची ते तालुक्याच्या कृषी कार्यालयात कळेल. अहवाल येईपर्यंत चुना टाकू नका.

पाऊस स्वतः मोजा, हे माझं आग्रहाचं सांगणं. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. सरळ कडांचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवा. पागोळ्यांखाली नको, माडाखाली नको. रोज सकाळी ठरल्या वेळी आत पट्टी उभी धरून मिलिमीटर वाचायचे, लिहायचे, डबा उपडा करायचा. १ मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरवर १ लिटर पाणी. एका रात्रीत १०० मिलिमीटर भरले की गादीवाफा उंच का हवा ते आपसूक कळतं. पाऊस थांबल्यावर तासाभरानेही पाणी साचलेलं दिसेल तिथे खूण करा, तिथे अळू लावा.

उन्हाचीही नोंद हवी. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो, डिसेंबरात तो दक्षिणेला बराच कलतो. जूनमध्ये उन्हात असलेला घरामागचा उत्तरेकडचा वाफा डिसेंबरात घराच्याच सावलीत जाऊ शकतो. दर महिन्याला एकदा, दुपारी, सावलीची कड वहीत काढून ठेवा.

मृग लागायच्या आत दोडकी-कारल्यांचा मांडव उभा हवा. चिखलात खांब रोवणं जिकिरीचं. भेंडी, काकडी, हळद पावसावरच घ्या. मिरची पावसात कुजते असं सगळेच सांगतात, पण भौगोलिक मानांकन मिळालेली काणकोणची खोला मिरची पावसाळ्यातच पिकते, कारण ती डोंगरउतारावर असते आणि पाणी मुळाशी थांबत नाही. सपाट परसात तिला उंच वाफाच द्या. गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन वेचा.

तांबडी भाजी, मुळा, नवलकोल, वांगी ही पाऊस ओसरल्यावरची. वांग्याची रोपं सप्टेंबरात आडोशाला करून ठेवा आणि सुका पाला साठवा, पुढे आच्छादनाला लागेल. विहीर असेल तर जानेवारीपासून दर महिन्याला पाण्याची पातळी लिहा. पहिल्या वर्षी दोनच वाफे करा; मार्चअखेर विहिरीला किती पाणी उरतं ते पाहून पुढच्या वायंगणाला वाढवा.