झोप येत नाही? आधी बिघाड कुठला ते ओळखा

रात्री साडेबाराला पंख्याकडे बघत पडलेला माणूस दिसेल तो उपाय करून बघतो. गंमत अशी की झोपेचं खातं शरीरात दोघे जण सांभाळतात, आणि आपण बहुतेक वेळा भलत्यालाच धरतो.

पहिलं ॲडेनोसिन. जागेपणी हे रसायन मेंदूत साचत जातं, त्यानेच डोळे जड होतात. झोपेत ते ओसरतं. चहा-कॉफीतलं कॅफिन ते कमी करत नाही. एसटीत रुमाल टाकून सीट धरावी, तसं ते ॲडेनोसिनच्या जागा अडवतं. साधारण पाच तासांनी त्यातलं निम्मं उतरतं. म्हणजे सहाचा चहा अकरा वाजताही रक्तात अर्धा शिल्लक. 'मी तर जेवणावर कॉफी पिऊन घोरतो' म्हणणारे खोटं बोलत नसतात. कॅफिन पचवणारं यकृतातलं विकर (एन्झाइम) ज्या जनुकावरून बनतं, ते प्रत्येकाचं सारखं नसतं. मात्र घोरणाऱ्याचीही गाढ झोप कमी होऊ शकते. मी सहाचा चहा तीनवर आणला. चार दिवस डोकं ठणकलं, मग सुटलं. रविवारी आमरसावर दोन तास ताणून दिलं तरी साचलेलं ॲडेनोसिन खर्च होतं. वीस मिनिटांची डुलकी चालते.

दुसरं शरीरातलं घड्याळ. 'पिरियड' जनुकावरून प्रथिन बनतं, साचतं, स्वतःच्याच जनुकाला थांबवतं, मग विरतं. फेरा साधारण चोवीस तासांचा. हे जनुक कोनोप्का आणि बेन्झर यांना १९७१ साली फळमाशीत सापडलं. त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. हे घड्याळ लागतं ते उजेडावर. अंधार पडला की मेलाटोनिन स्रवतं, डोळ्यांवर झगझगीत उजेड आला की दबतं. मेलाटोनिन म्हणजे गुंगीचं औषध नव्हे, 'रात्र झाली' ही दवंडी. म्हणून त्याची गोळी कधी घ्यायची हेच महत्त्वाचं, आणि ते डॉक्टरांना विचारून.

सुट्टीत रात्री दोन ते सकाळी दहा गाढ झोपता? मग घड्याळ मागे पडलंय. उठल्या उठल्या गॅलरीत उन्हात उभे राहा. रात्री डोळेच जड होत नाहीत? चहा आणि दुपार तपासा.

'मला पाच तास पुरतात' हे ऐटीत सांगणारेही भेटतात. थोडक्या झोपेचं डीईसी२ जनुकातलं उत्परिवर्तन २००९ साली एका आई-मुलीत सापडलं. त्या सरासरी सव्वासहा तास झोपत. रविवारी नऊपर्यंत लोळत असाल, तर ते तुमच्यात नाही.