न्यूट्रिनोचं वस्तुमान काढताय? या चुका टाळा

रत्नागिरीत दरवर्षी एमएस्सीच्या प्रोजेक्टला एक तरी पोरगा न्यूट्रिनो (विद्युतभार नसलेला, अगदी हलका कण) मागतो, आणि दरवर्षी घोळ तेच.

माझी सगळ्यात नावडती चूक म्हणजे उणे आकड्याला घाबरणं. ट्रिटियमच्या, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनच्या, बीटा क्षयात अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनो बाहेर पडतात, आणि इलेक्ट्रॉनची ऊर्जा 18.6 किलो-ईव्हीपर्यंत जाते (ईव्ही म्हणजे इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक; न्यूट्रिनोचं वस्तुमानही त्यातच सांगतात). न्यूट्रिनोला वस्तुमान असेल तर वर्णपटाचं, म्हणजे कुठल्या ऊर्जेचे किती इलेक्ट्रॉन या आलेखाचं, टोक किंचित वाकून थोडं आधीच संपतं. त्या वाकण्यातून हाती लागतो वस्तुमानाचा वर्ग, आणि फिटमध्ये, म्हणजे मोजलेल्या आकड्यांवर सूत्र बसवताना, तो उणेही येतो.

गेल्या श्रावणात एकाला मी कॉम्प्युटरवर बनवलेला डेटा दिला. इलेक्ट्रॉनची ऊर्जा ज्यावरून मोजतात त्या व्होल्टेजमध्ये मुद्दाम थरथर घातली होती, सांगितलं मात्र नाही. दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या हजर. "सर, शून्य आलं, एकदम क्लीन!" फिट उघडून बघतो तर वर्गाला अट घातलेली, शून्याच्या खाली जायचं नाही. अट काढली, आकडा धाडकन उणे. हिशेबात न धरलेली थरथर वर्गाला सिग्मा-वर्गाच्या दुप्पट खाली ओढते (सिग्मा म्हणजे थरथरीचा आवाका). उणे आकडा चुगली करत होता, आणि याने त्याचंच तोंड बांधलं! जर्मनीत कार्लस्रूहला ट्रिटियमवरून हेच वस्तुमान मोजणाऱ्या काट्रिन प्रयोगाचा 2019 चा पहिला आकडासुद्धा उणे 1.0 ईव्ही-वर्ग होता. त्यांनी तो तसाच छापला आणि 1.1 ईव्ही ही वरची मर्यादा दिली. त्रुटीच्या पट्ट्यात बसणारं उणं निमूट लिहा. पट्ट्याबाहेर गेलं तर यंत्राकडे बघा.

मोजणी घाईत उरकू नका. शेवटच्या 1 ईव्हीत दहा लाख कोटी क्षयांमागे जेमतेम दोन इलेक्ट्रॉन पडतात. काट्रिनची 2025 ची 0.45 ईव्हीची मर्यादा 259 दिवसांच्या मोजणीतून आली. आमच्या मंडळींना चार तासांत उत्तर हवं, कारण गणपतीला गावी जायचंय.

टोकाच्या वरही मोजत राहा, नाहीतर पार्श्वभूमी, म्हणजे क्षयाशी संबंध नसलेले पल्स, कळणार कुठून?

कॉलेजातल्या थॅलियम-204 वरून वस्तुमान काढायला जाऊ नका. त्याचं टोक 763 किलो-ईव्हीवर, तिथे एखाद्या ईव्हीचं वाकणं दिसणारच नाही. टोक शोधायचा सराव करा, पुरे.

आणि ओल. खाऱ्या हवेत हाय-व्होल्टेजचा कनेक्टर ओलावतो, गळती होते, खोटे पल्स मोजले जातात. मी यंत्राच्या पेटीत रात्रभर 40 वॅटचा बल्ब ठेवतो, आजी पापडाच्या कपाटात ठेवायची तसा, आणि मोजणीआधी विझवून सगळं थंड होऊ देतो. सिलिका जेलवाले हसतात, पण आषाढात त्यांचं जेल दोन दिवसांत ओलं होतं.

लाइट जाऊन आली की पहिल्या पंधरा मिनिटांचे आकडे टाकून द्या. पुरवठा स्थिरावेपर्यंत मी चहा घेऊन येतो.